शेतीची लाईट रात्रीच का येते? आणि ती दिवसा द्यायची तर काय करावं लागतं?

रब्बीचा हंगाम सुरू झाला की गावोगावी एकच प्रश्न कानावर येतो: "या आठवड्यात लाईट कधी आहे?" उत्तर महावितरणच्या वेळापत्रकात असतं. काही दिवस दिवसा आठ तास, मग पाळी बदलली की रात्री आठ किंवा दहा तास. रात्रपाळी आली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला ऐन थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जावं लागतं. दारं मोडताना साप निघतो, रानडुकरं अंगावर येतात आणि जुन्नर, संगमनेरकडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं, ते शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी याच मागणीसाठी.

त्याच रात्री गावात मात्र घराघरांत दिवे आणि पंखे चालू असतात. मग वीज आहे की नाही? वीज आहे. पण ती कुणाला, कधी आणि कुणाच्या पैशानं द्यायची, याचे निर्णय गेल्या पंचवीस वर्षांत ज्या क्रमानं झाले, त्यातून हे वेळापत्रक तयार झालं आहे.

गावात लाईट, शेतात नाही, हे कसं?

मोठ्या मनोऱ्यांवरून येणारी वीज टप्प्याटप्प्यानं खाली उतरते आणि शेवटी गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात पोहोचते. तिथून ११ केव्हीच्या वाहिन्या निघतात. त्यांनाच आपण फीडर म्हणतो. फीडरवर ठिकठिकाणी रोहित्रं, म्हणजे बोलीतली डीपी, असतात आणि त्यातून घरांना व पंपांना वीज मिळते. उपकेंद्रातून एखादा फीडर बंद केला की त्यावरचं सगळं बंद होतं. कोणतं घर, कोणता पंप, असं निवडता येत नाही.

पूर्वी गाव आणि शिवार एकाच फीडरवर असायचे. पंपांचा भार कमी करायचा म्हणून फीडर बंद केला की दवाखाना, पिठाची गिरणी आणि अभ्यासाला बसलेली पोरं, सगळेच अंधारात. त्यावर आधी 'सिंगल फेजिंग'चा उपाय आला. शेतपंपाची मोटर तीन फेजवर चालते, घरातल्या दिव्याला एक फेज पुरते. म्हणून ठरलेल्या वेळात गावाला फक्त सिंगल फेज द्यायचा. लोकांनी त्यावरही तोड काढली. कंडेन्सर लावून मोटारी चालू झाल्या आणि रोहित्रं जळू लागली. त्यानंतर गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. गुजरातनं हेच काम 'ज्योतिग्राम' योजनेत २००३ ते २००६ या काळात वेगानं केलं होतं.

फीडर वेगळे झाल्यानं गावांचा फायदा झाला यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. शेतीचा भार आता एका वेगळ्या खटक्यावर आला. वीज कंपनीच्या हातात असा दुसरा कोणताही मोठा भार नाही, जो ती हवा तेव्हा चालू आणि हवा तेव्हा बंद करू शकेल. कारखाना असा बंद करता येत नाही, शहर बंद केलं तर गहजब होतो. शेतीचा फीडर मात्र वेळापत्रकानुसार रोज बंद होतो, आणि ते कायद्यालाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत सर्व ग्राहकांना चोवीस तास वीज देण्याचं बंधन आहे. त्याच नियमात पुढे म्हटलं आहे की, शेतीसारख्या काही वर्गांसाठी राज्य नियामक आयोग कमी तास ठरवू शकतो.

मग रात्रच का?

राज्य सरकारनं २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ अखेर महाराष्ट्रात ४७ लाख ४१ हजार कृषिपंप ग्राहक होते. सरासरी पंप पाच अश्वशक्तीचा धरला तर प्रत्येकी सुमारे पावणेचार किलोवॉट. हे सगळे पंप एकाच वेळी सुरू झाले तर केवळ शेतीची मागणी सतरा-अठरा हजार मेगावॉटवर जाईल. महावितरणची आजवरची सर्वोच्च मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या थोडी पुढे आहे, आणि त्यात कारखाने, दुकानं, घरं सगळं आलं. म्हणून पंपांचे गट पाडून पाळ्या लावणं भागच आहे. पाळ्यांमध्ये रात्र कशी आली, हे समजायला औष्णिक वीजकेंद्राकडे पाहावं लागतं.

चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशा ठिकाणचे कोळशावरचे संच गॅसच्या शेगडीसारखे लावता-विझवता येत नाहीत. थंड झालेला बॉयलर पुन्हा तापवून संच पूर्ण क्षमतेवर आणायला कित्येक तास जातात. संच चालू ठेवून उत्पादन कमी करता येतं, पण साधारण निम्म्याच्या खाली नेणं अवघड असतं. मध्यरात्रीनंतर शहरं झोपतात, मागणी उतरते, संच मात्र चालूच ठेवावे लागतात. दुसरीकडे, विजेचं उत्पादन आणि वापर क्षणाक्षणाला सारखे राहिले तरच ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास टिकते. वापर फार घटला तर ती वाढते, वापर फार वाढला तर घसरते. दोन्ही धोक्याचं. रात्रीची ही पडलेली मागणी भरून काढायला शेतपंप हा हाताशी असलेला सोयीचा भार होता.

तंत्राच्या बाजूनं पाहिलं तर हा तोडगा हुशारीचाच होता. त्याची किंमत मात्र रात्री बांधावर उभ्या असलेल्या माणसानं मोजली. आणि ती किंमत कोणत्याही वीजदराच्या तक्त्यात दिसत नाही.

रात्रपाळीचा आणखी एक तोटा आहे. लाईट नक्की किती वाजता येईल याचा भरवसा नसल्यानं अनेक शेतकऱ्यांनी पंपाला ऑटो स्विच बसवले. वीज आली की पंप आपोआप सुरू. पण एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की त्यावर एकदम मोठा भार येतो आणि रोहित्र जळतं. मग ते बदलून मिळेपर्यंत सगळ्यांचंच पाणी बंद. महावितरण दरवर्षी ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर लावा, असं आवाहन करते. पण वेळेचा भरवसा नसताना ऑटो स्विच काढायला कोण तयार होईल? एका-दोन पंपांना एक छोटं रोहित्र देणारी उच्चदाब वितरण प्रणाली २०१८ नंतर आली, ती याच दुखण्यावर.

तुटवड्याची वर्षं

साधारण २००५ ते २०१२ ही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची म्हणून आठवतात. त्याची मुळं त्याआधीच्या दशकात आहेत. दाभोळचा प्रकल्प हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीबरोबर राज्य वीज मंडळानं डिसेंबर १९९३ मध्ये खरेदी करार केला. १९९५ मध्ये सत्तांतर झाल्यावर युती सरकारनं तो रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून प्रकल्प उलट मोठा केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज घेतली नाही तरी ठरावीक रक्कम द्यायचीच, अशी कराराची रचना होती. महागड्या इंधनामुळे आणि डॉलरशी बांधलेल्या दरामुळे मंडळाला ती वीज झेपेना. दोन वर्षांतच, मे २००१ मध्ये, प्रकल्प बंद पडला. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागातून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी उभी राहिली आणि तिनं तो ताब्यात घेतला, पण गॅसअभावी तो कधीच पूर्ण क्षमतेनं चालला नाही.

दाभोळमध्ये पैसे बुडाले ही बाब सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या मते त्याहून मोठं नुकसान वेळेचं झालं. तो वाद चालू असताना राज्यात दुसरी पुरेशी क्षमता उभी राहिली नाही, आणि वीजकेंद्राचं नियोजन आज चुकलं की त्याचा तुटवडा सात-आठ वर्षांनी जाणवतो.

दरम्यान, वीज कायदा २००३ आला. त्यानुसार १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांची सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. दर ठरवण्याचं काम १९९९ मध्येच स्थापन झालेल्या राज्य वीज नियामक आयोगाकडे होतं. विभाजन झालं ते नेमकं तुटवड्याच्या तोंडावर. दुसऱ्याच वर्षी पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला: कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यामुळे ग्रिडवर वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी उचलायचा. पुणं भारनियमनमुक्त झालं. खेड्यांना असा पर्याय नव्हता.

पुढे फीडरची प्रतवारी आली. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी कमी, त्याला भारनियमन कमी. जास्त असेल तर तासही जास्त. २०१२ च्या अखेरीस जास्त गळतीचे फीडर सोडून बहुतेक राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ही पद्धत हिशेबाला सोपी असली तरी तिच्यात एक ढोबळ अन्याय आहे. शेजाऱ्यानं आकडा टाकला की वेळेवर बिल भरणाऱ्याची लाईट जाते.

तुटवडा संपला म्हणजे धोका संपला असं मात्र नाही. एप्रिल २०२२ मध्ये उष्णतेची लाट आणि कोळशाची टंचाई एकत्र आली आणि काही दिवस राज्यात पुन्हा भारनियमन झालं.

वीज फुकट, पण पैसे कुणाचे?

शेतीला मोफत वीज हा विषय महाराष्ट्रात निवडणुकीबरोबर येतो. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारनं ती जाहीर केली, निवडणुकीनंतर विलासराव देशमुख सरकारनं ती मागे घेतली. वीस वर्षांनी, २०२४ च्या निवडणुकीआधी, 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना' आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं बिल नाही. सुमारे ४४ लाख शेतकरी यात येतात आणि सरकारनं जाहीर केलेला वार्षिक बोजा १४,७६० कोटी रुपयांचा आहे. म्हणजे दर पंपामागे वर्षाला तेहतीस-चौतीस हजार रुपये.

ही योजना येण्याआधीही शेतीचा दर खर्चापेक्षा बराच कमी होता. फरक दोन वाटांनी भरला जातो. एक वाट राज्य सरकारच्या अनुदानाची. वीज कायद्याच्या कलम ६५ नुसार सरकारला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते. दुसरी वाट 'क्रॉस सबसिडी'ची, म्हणजे उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा. ती फार ताणली की मोठे उद्योग स्वतःचे सौर प्रकल्प लावतात किंवा थेट बाहेरून वीज घेतात. चांगला पैसा देणारा ग्राहक गेला की उरलेल्यांवरचा भार वाढतो.

आता एक हिशेब पाहू. सरकारी आकड्यांनुसार शेतीचा वार्षिक वापर ३९,२४६ दशलक्ष युनिट आहे, राज्यातल्या वापराच्या ३० टक्के. त्याला ४७.४१ लाख पंपांनी भागलं तर दर पंपामागे वर्षाला सुमारे ८,२८० युनिट येतात. पाच अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास चालवला तर इतके युनिट खर्च व्हायला सुमारे २७५ दिवस लागतील. जुन्या मोटारी जास्त वीज ओढतात हे धरलं तरी सव्वादोनशे दिवस. पावसाळ्याचे चार महिने वगळले, आणि उन्हाळ्यात निम्म्या विहिरी तळ गाठतात हे लक्षात घेतलं, तर राज्यातला सरासरी पंप खरंच इतका चालतो का?

प्रताप होगाडे यांच्यासारखे वीज अभ्यासक अनेक वर्षं हाच प्रश्न विचारत आले आहेत. त्यांचा आक्षेप असा की शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो आणि त्याखाली इतरत्र होणारी चोरी व गळती झाकली जाते. लाखो पंपांना मीटर नाही, तिथे अश्वशक्तीवर अंदाजे आकारणी होते. ज्यांना मीटर आहे त्यांचंही वाचन नियमित होतं असं नाही. काही पंप जास्त क्षमतेचे आहेत, त्यामुळे वरचा हिशेब ढोबळच समजावा. तरीही वीज फुकट झाली की मीटर वाचण्याचं उरलंसुरलं कारणही संपतं, आणि मग खरा आकडा कळण्याचा मार्ग फक्त फीडरवरचा मीटर उरतो.

सौर फीडरचा मार्ग

रात्रीची वीज आणि अनुदानाचा बोजा, या दोन्ही प्रश्नांवर राज्यानं एकच उत्तर निवडलं आहे. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटानं ही कल्पना आधीपासून मांडली होती. शेतीचा फीडर वेगळा आहेच. मग त्या उपकेंद्राजवळच एक-दोन ते दहा-वीस मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या फीडरला दिवसा वीज द्यायची. २०१७ मध्ये 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची पहिली ठिकाणं.

पहिली काही वर्षं काम रडतखडत चाललं. मुख्य अडचण जमिनीची होती, कारण एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्रापासून सरकारी जमीन दहा किलोमीटरपर्यंत, खासगी जमीन पाच किलोमीटरपर्यंत चालेल, असं ठरलं. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये. मार्च २०२४ मध्ये नऊ हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेची देकारपत्रं दिली गेली. पुढे एकूण लक्ष्य सोळा हजार मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आलं. प्रकल्पांमधून मिळणाऱ्या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आहे. सरकारच्या मांडणीनुसार शेतीला वीज पोहोचवण्याचा खर्च आठ रुपयांच्या घरात असल्यानं अनुदानाची बचत मोठी होईल.

ज्यांच्याकडे अजून वीजजोडणीच नाही त्यांच्यासाठी 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही वेगळी योजना आहे. त्यात शेतकऱ्यानं १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के रक्कम भरायची. दोन्हींत गल्लत होते, म्हणून फरक सांगायला हवा. सौर पंप ग्रिडला जोडलेला नसतो, त्यामुळे ऊन नसेल तर तो थांबतो. सौर फीडर ग्रिडला जोडलेलाच राहतो. ढग आले तर वरून कोळशाची किंवा जलविद्युतची वीज येते, आणि पावसाळ्यात पंप बंद असतील तर सौर वीज उलट ग्रिडमध्ये जाते. शेतकऱ्याला तार तीच, डीपी तीच, बदलते फक्त वेळ.

तार आणि डीपी तीच राहते, म्हणूनच एक सावधगिरी. दिवसा वीज 'उपलब्ध' असणं आणि पंपापर्यंत पुऱ्या दाबानं पोहोचणं यात फरक आहे. फीडरची लांबी जास्त असेल, तारा लोंबत असतील, रोहित्रावर मंजुरीपेक्षा दीडपट भार असेल, तर सौर प्रकल्प जवळ असूनही शेवटच्या टोकाची मोटर गरमच होणार. नव्या प्रकल्पांची उद्घाटनं होतात, जुन्या तारा बदलल्याची बातमी होत नाही.

संध्याकाळचा प्रश्न

सौर ऊर्जेनं एक जुनं गणित उलटं केलं आहे. पूर्वी रात्री वीज उरायची, आता दुपारी उरू लागली आहे. म्हणून दरांची रचनाही बदलते आहे. सकाळी नऊ ते सायंकाळी पाच हे आता सवलतीचे तास ठरवले जात आहेत, आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही त्या वेळेतल्या वापरावर सूट देण्याचं धोरण आहे. शेतीचा भार दिवसा हलवणं आता केवळ शेतकऱ्याच्या सोयीचं राहिलेलं नाही, ती ग्रिडचीही गरज झाली आहे. शेतकऱ्यांची जुनी मागणी आणि वीज कंपनीचा स्वार्थ एका बाजूला येण्याची ही पहिलीच वेळ असावी.

पण सूर्य मावळू लागला की सौर उत्पादन झपाट्यानं शून्यावर येतं, आणि नेमके तेव्हाच घरातले दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी सुरू होतात. ही चढण चढायला झटपट वाढणारी वीज लागते. महाराष्ट्राकडे त्यासाठी कोयना आहे. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प काही मिनिटांत भार उचलतो. मात्र पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायच्या पाण्याला कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि दुष्काळी वर्षात तेच पाणी सांगलीकडच्या सिंचनाला हवं असतं.

दुसरा मार्ग उदंचन जलविद्युतचा. दुपारच्या स्वस्त विजेनं खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी ते सोडून वीज करायची. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प हेच करतो. वर चढवायला लागलेल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश परत मिळते. सह्याद्रीचे कडे या कामाला सोयीचे असल्यानं राज्यानं डिसेंबर २०२३ मध्ये उदंचनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केलं आणि त्यानंतर खासगी कंपन्यांबरोबर मोठ्या क्षमतेचे करार झाले. पण असं धरण आणि भुयार बांधायला कित्येक वर्षं लागतात, आणि यातल्या काही जागा पश्चिम घाटाच्या जंगलात आहेत, तिथे विरोधही होतो आहे. तोवर संध्याकाळची मदार कोळसा, कोयना, बाजारातली महाग वीज आणि हळूहळू येणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या यांच्यावर राहील.

दिवसा फुकट वीज मिळू लागल्यावर भूजलाचं काय होईल, हा प्रश्न अजून नीट चर्चेत आलेला नाही. रात्री जागायचा त्रास आणि मोजके तास, यांचा पाण्याच्या उपशाला नकळत थोडा तरी आळा बसत होता. ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यात, जिथे बोअर आधीच खोल गेले आहेत, तिथे सौर फीडर सुरू झाल्यावर उपसा किती वाढतो हे फीडरवरच्या मीटरमधून कळू शकतं. ते आकडे गावाला दाखवायचे की नाहीत, हे मात्र ठरलेलं नाही. मोफत वीज योजनेच्या शासन निर्णयात तीन वर्षांनी आढावा घेण्याची तरतूद आहे. तो आढावा २०२७ मध्ये येईल, आणि तोपर्यंत सौर फीडर किती तालुक्यांत पोहोचले आहेत यावर पुढच्या दोन वर्षांचं अनुदान किती लागणार हे अवलंबून असेल.